जहाजाच्या बातमीत आधी माणसं सांगा

जून २०२४

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मी तुमच्या पेपरचा तीसेक वर्षांचा वाचक. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी झाली, रिटायर होऊन चार वर्षं झाली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत घर आहे. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, मोबाईलवर टाईप करतोय तेव्हा चुका असतील त्या तुम्ही दुरुस्त करून घ्या. पत्र लांबलंय हे मलाही कळतंय, जागा कमी असेल तर कापा, पण शेवटी जी विनंती केलीय तेवढी ठेवा.

माझा थोरला मुलगा बोटीवर आहे. आमच्याकडे अजून बोटीवरच म्हणतात, मर्चंट नेव्ही कोणी म्हणत नाही. ऑईल टँकरवर इंजिन रूममध्ये ऑईलर म्हणून काम करतो. मागच्या ऑक्टोबरमध्ये साइन ऑन झाला, नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे येत्या जुलैमध्ये घरी यायला हवा. जहाजाचं नाव, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याला उगाच त्रास नको. आणि नेमकं याच नऊ महिन्यांत आमच्या घरात सगळं घडलं, सुनेचं डोहाळजेवण झालं, नात झाली, बारसं झालं, धाकटी दहावीला होती ती पास झाली, आणि यातला एक दिवस असा गेला नाही की पाहुणे गेल्यावर मी कोपऱ्यात जाऊन मोबाईलवर समुद्राच्या बातम्या बघितल्या नाहीत.

सुरुवात डिसेंबरपासून सांगतो. तसं तांबड्या समुद्राचं नाव १९ नोव्हेंबरलाच कानावर आलं होतं, गाझातल्या युद्धावरून इस्रायलवर चिडलेल्या येमेनच्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून डेकवर उतरून गॅलेक्सी लीडर नावाचं जहाज पळवलं तो व्हिडिओ तुम्हीही बघितला असेल. पंचवीस माणसं होती त्यावर. भारतीय कोणी नव्हतं म्हणून आपल्याकडे ती बातमी दोन दिवसांत विरून गेली, पण ती माणसं आज सात महिने होत आले तरी सुटलेली नाहीत, त्यांच्या घरीही या सात महिन्यांत कोणाचं लग्न, कोणाची परीक्षा, कोणाचं बाळंतपण झालंच असेल ना.

डिसेंबरच्या वीस तारखेच्या आसपास मुलाचा फोन आला. म्हणाला, बाबा आम्ही सुएझकडे निघालोय, मध्ये दोन-तीन दिवस नेट बंद ठेवणार आहेत, आईला आणि तिला काही बोलू नका. तिला म्हणजे सूनबाईंना, सातवा महिना चालू होता. रविवारी २४ तारखेला डोहाळजेवण ठरलेलं. शनिवारी संध्याकाळी मी झोपाळ्यासाठी फुलं आणायला बाजारात गेलो होतो आणि फुलवालीच्या समोर उभा असतानाच ग्रुपवर मेसेज आला की गुजरातच्या किनाऱ्यापासून दोनशे मैलांवर टँकरवर ड्रोन हल्ला, क्रू भारतीय. एवढंच. जहाजाचं नाव त्या मेसेजमध्ये नव्हतं. आपला मुलगा गुजरातकडे नाही, उलट दिशेला गेलाय, हे डोक्याला कळत होतं पण पायाला कळत नव्हतं, तिथेच दुकानाच्या पायरीवर बसलो. नंतर नाव आलं, केम प्लूटो. सौदीहून तेल घेऊन मंगळूरला चाललेलं जहाज, दोन दिवसांनी ते मुंबईत आणलं, माणसं सगळी सुखरूप.

पण त्याच शनिवारी रात्री घडलेली आणखी एक बातमी रविवारी सकाळी आली आणि ती माझ्यासाठी जास्त वाईट होती. एमव्ही साईबाबा नावाच्या टँकरवर ड्रोन पडला, हा तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागात, पंचवीस जण आणि पंचवीसच्या पंचवीस भारतीय. टीव्हीवर पट्टी होती 'भारताचा झेंडा असलेल्या जहाजावर हल्ला'. नंतर आपल्या नेव्हीने खुलासा केला की झेंडा भारताचा नाही, गॅबनचा आहे, पण तोपर्यंत बराच वेळ गेला होता. माझ्या मुलाचं जहाजही परदेशी झेंड्याचं आहे. मी दोन तास असा हिशोब करत बसलो की भारताचा झेंडा आहे म्हणजे हे आपलं नाही, आणि मग कळलं की झेंड्याची बातमीच चुकीची होती, म्हणजे माझा हिशोबही गेला. तांबडा समुद्र, टँकर, सगळे भारतीय. शेवटी जेव्हा नाव वाचलं आणि आपलं नाही हे कळलं तेव्हा आधी बरं वाटलं, मग लगेच वाटलं की साईबाबा जहाजावरही पंचवीस घरांची पोरं आहेत, आपल्याला बरं कसं वाटलं. हे मी अजून घरात कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

त्याच दिवशी डोहाळजेवण झालं. फुलांचे दागिने, धनुष्यबाण, बायकांची गाणी, सगळं रीतसर. दोन वाट्या झाकून ठेवतात त्यातली सूनबाईंनी उघडली तर बर्फी निघाली, सगळ्या ओरडल्या मुलगी मुलगी म्हणून. सौ. मला शोधत मागच्या पडवीत आली, म्हणाली तुम्ही इथे काय करताय, फोटो काढायला या. मी जहाजांचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप उघडून बसलो होतो. ते ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, जगातली जहाजं त्यात रंगीत ठिपक्यांसारखी दिसतात, ठिपक्यावर बोट ठेवलं की नाव, वेग, कुठे चाललंय ते येतं. फुकटच्या अ‍ॅपमध्ये किनाऱ्याजवळचं तेवढं दिसतं, भर समुद्रात गेलं की ठिपका जिथे शेवटचा दिसला तिथेच थांबतो. त्यात बाब-अल-मंदेबच्या जवळ, म्हणजे तांबड्या समुद्राच्या दक्षिणेकडच्या तोंडाशी, जहाजं आपला सिग्नलच बंद करतात, कोणाला दिसू नये म्हणून. आणि जी करत नाहीत त्यांच्यातली काही, कुठे चाललोय हे लिहायच्या जागी, 'आमचा इस्रायलशी संबंध नाही', 'जहाजावर हत्यारी गार्ड आहेत' असं लिहून ठेवतात. मी ते स्वतः वाचलंय. बंदराचं नाव लिहायच्या जागी माणूस जीव वाचवण्यासाठी असं काही लिहितो, हे एखाद्या एसटीने पाटीवर गावाचं नाव पुसून 'आम्ही कोणाचं वाकडं केलं नाही' असं लिहिण्यासारखं आहे. बाब-अल-मंदेब या नावाचा अर्थच अश्रूंचं दार. आमचा ठिपका त्या दाराच्या अलीकडे थांबलेला होता. २६ तारखेला दुपारी मुलाचा मेसेज आला, 'पोचलो वर. बर्फी का पेढा?'

२६ जानेवारीला सुट्टी म्हणून आमच्याकडे हळदीकुंकू होतं, त्या रात्री मार्लिन लुआंडा पेटलं. नाफ्था म्हणजे चटकन पेटणारं तेल भरलेला टँकर, बावीस भारतीय आणि एक बांगलादेशी. आपली आयएनएस विशाखापट्टणम गेली आणि आग विझवायला तिच्या नौसैनिकांनी मदत केली, माणसं वाचली. नेव्हीचं मनापासून कौतुक आहे, नेव्ही नसती तर आमच्यासारख्यांनी काय केलं असतं कोणास ठाऊक. तेव्हा माझा मुलगा युरोपात होता म्हणून झोप लागली. फेब्रुवारीत ते परतीला केप ऑफ गुड होपवरून निघाले, आफ्रिकेला वळसा घालून, दहा-बारा दिवस जास्त लागतात पण मी म्हटलं महिना लागू दे.

याच वाटेवर असताना मुलगी झाली त्याला. सूनबाई माहेरी होत्या, रात्री अडीचला व्याह्यांचा फोन आला, मी मुलाला मेसेज टाकला आणि तो त्याने बघितला एकोणीस तासांनी. जहाजावर नेट असतं पण मोजूनमापून, प्रत्येकाला महिन्याचा डेटा ठरलेला, आणि खाली इंजिनात असला की काहीच कळत नाही. पहिला व्हिडिओ कॉल झाला ते डर्बनजवळ तेल भरायला थांबले तेव्हा, बारशाच्या दिवशी, ३ मार्चला. धाकटीची दहावी १ तारखेला सुरू झाली होती, पण आत्या तीच, तिच्याशिवाय नाव ठेवणार कोण. अभ्यासाचं पुस्तक घेऊन गाडीत बसली, पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, पाठीत सगळ्यांचे धपाटे खाल्ले आणि संध्याकाळी परत. मुलगा फोनवर दिसत होता, बॉयलर सूट घातलेला, कपाळाला काळं लागलेलं. काही बोललाच नाही, नुसता बघत होता, विहीणबाईंना वाटलं नेट अडकलं.

तीन दिवसांनी, ६ मार्चला, एडनच्या आखातात ट्रू कॉन्फिडन्सवर मिसाईल पडलं आणि तीन खलाशी गेले. दोन फिलिपाईन्सचे, एक व्हिएतनामचा. नोव्हेंबरपासून हल्ले चालू होते पण माणसं मेली ती पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी मी गावातल्या वाचनालयात जाऊन आलेले सगळे मराठी पेपर उघडून बघितले. बातमी होती, नाही असं नाही. पण जहाजाचा मालक कोण, झेंडा कुठला, माल काय, तेलाचा भाव किती वाढेल, हे सगळं वर आणि माणसं खाली. एका पेपरात तर 'काही जण दगावल्याचे समजते' एवढंच. त्या क्रूमध्ये एक भारतीयही होता, त्याला आपल्या आयएनएस कोलकाताने वाचवलं, पण तो कुठला, कसा आहे, एक ओळ नाही. इथे मला तुमच्याशी बोलायचंय आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

२ ऑगस्ट २०१६. महाडजवळ सावित्रीच्या पुरात पूल गेला ती रात्र. आमच्या दोन एसटी गेल्या, जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली. मी त्या वेळी आमच्या डेपोत रात्रपाळीला होतो. पहाटेपासून चौकशी खिडकीवर माणसं, बाहेर धो धो पाऊस, छत्र्या मिटायचं भान नाही कोणाला, प्रत्येकाच्या घरातलं कोणीतरी त्या रात्री मुंबईला निघालेलं. सुरुवातीला मी काय करत होतो, जी माहिती वरून येत होती ती त्याच क्रमाने वाचून दाखवत होतो. पूल इंग्रजांच्या काळातला होता, पाणी इतकं वाढलं, शोध चालू आहे. समोर एक म्हातारी होती, मला म्हणाली, पुलाचं नंतर सांग रे बाबा, माझा नातू साडेसातच्या गाडीत बसला ती गाडी कुठाय ते सांग. मी कंट्रोलरचा फोन फिरवला, तिची गाडी वेगळी होती, ती पुढे सुखरूप पोचली होती. त्यानंतर मी फळा पुसला आणि मोठ्या अक्षरात आधी लिहिलं की कुठल्या दोन गाड्या आहेत, आणि त्याच्या खाली डेपोतून त्या रात्री सुटलेल्या बाकी एकेक गाडीचं नाव, वेळ आणि पुढे 'पोचली'. लोक फळा वाचून रडत रडत खाली बसत होते, सुटल्यासारखे. ज्यांच्या गाड्या त्या दोन होत्या त्यांना मी आत घेऊन बसवलं. रिझर्वेशनच्या चार्टवर काही नावं होती, पण वाटेत चढलेल्यांची नावं कुठे असणार. तरी जेवढी होती तेवढी मी स्वतः वाचून दाखवली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्या दिवसाइतकं कठीण काम दुसरं केलं नाही, पण त्या दिवशी मला एवढं कळलं की घरच्या माणसाला बातमी कुठल्या क्रमाने लागते.

आता खिडकीच्या अलीकडे मी आहे आणि पलीकडे कोणी नाही. मुंबईला डीजी शिपिंगचं, म्हणजे जहाजांचं सरकारी खातं त्याचं ऑफिस आहे, कंपनीचं माणसं भरणारं मॅनिंग ऑफिस आहे, नाही असं मी म्हणणार नाही. मी एकदा रात्री साडेदहाला एका ऑफिसला फोन केला, पहिले तीन वेळा कोणी उचलला नाही, मग उचलला तर समोरचा मुलगा इंग्रजीत म्हणाला की काही असेल तर आम्ही तुम्हाला कळवू. त्याचं चुकलं असंही नाही, पण 'काही असेल तर' या तीन शब्दांवर आईबापाने रात्र कशी काढायची.

म्हणून मी स्वतःच शिकलो. युकेएमटीओ म्हणून ब्रिटिश नेव्हीची संस्था आहे, त्या भागात जहाजाला काही झालं की ती लगेच छोटी सूचना काढते, जागा, वेळ, काय झालं. इंग्रजी माझं यथातथाच, धाकटीने समजावलं. त्यात शेवटी बहुतेक वेळा एक ओळ असते की जहाज आणि क्रू सुरक्षित आहेत, पुढच्या बंदराकडे चाललेत. मी आता ती ओळच आधी वाचतो, मग वर जातो. कधी ती ओळ नसते. त्या रात्री मी परत परत रिफ्रेश करत बसतो, सौ.ला वाटतं इलेक्शनच्या बातम्या बघतोय.

एप्रिलमध्ये पाडव्याला गुढी उभारली आणि चार दिवसांनी, १३ तारखेला, इराणी आखाताच्या तोंडाशी होर्मुझजवळ इराणच्या कमांडोंनी एमएससी एरिस हे जहाज ताब्यात घेतलं, पंचवीस माणसं, त्यातले सतरा भारतीय. त्याच रात्री इराणने इस्रायलवर ड्रोन आणि मिसाईलं सोडली. आमचा मुलगा तेव्हा नेमका आखाताच्या आत होता, माल भरायला नांगर टाकून थांबलेला, म्हणजे बाहेर यायचा रस्ता तोच. केरळची एक मुलगी होती त्या एरिसवर, ती १८ तारखेला घरी आली, मग ९ मे रोजी आणखी पाच जण सुटले. ही बातमी मात्र सगळ्यांनी छान दिली, त्या मुलीचा विमानतळावरचा फोटो सौ.ने कापून फ्रीजवर लावलाय. बघा, माणूस दिसला की बातमी घरातली होते.

बाल्टिमोरच्या वेळीही तसंच. २६ मार्चला, धाकटीचा शेवटचा पेपर त्या दिवशी, अमेरिकेत डाली जहाज पुलावर आदळलं, क्रू जवळजवळ सगळा भारतीय. जहाजाची लाईट गेली होती तरी त्यांनी मे डे, म्हणजे संकटाचा इशारा दिला म्हणून पोलिसांना पुलावरच्या गाड्या थांबवता आल्या, नाहीतर आणखी किती गेले असते. पुलावर खड्डे बुजवणारे सहा मजूर गेले, त्याचं वाईट वाटतंच. पण ती जहाजावरची पोरं अजून तिथेच आहेत, तपासासाठी त्यांचे फोनसुद्धा काढून घेतले होते. घरचे बोलत कसे असतील? पुलाचे तुकडे उचलल्याची बातमी आपल्याकडे फोटोसकट आली, त्या पोरांबद्दल मी शोधून शोधून वाचलं.

एप्रिलच्या शेवटी आमचं जहाज परत तांबड्या समुद्रातून वर गेलं. तो भाग आता युद्धक्षेत्रात धरतात. ज्या जहाजांना युनियनचा आंतरराष्ट्रीय करार लागू आहे तिथे खलाशाला तिकडे जायला नाही म्हणायचा हक्क आहे, आणि गेला तर बेसिकइतका बोनस. मी मुलाला म्हटलं, मग नाही म्हण ना. तो म्हणाला, बाबा, हक्क आहे, पण माझ्या जागी यायला पन्नास जण उभे आहेत आणि पुढचं जहाज कधी मिळेल ते कोण सांगणार. त्याच्या कोर्सचं कर्ज अजून फिटायचंय. त्याने सही केली. तो बोनस आला तेव्हा त्याने सांगितलं की आईला काहीतरी घ्या. सौ.ने ते पैसे वेगळ्या पाकिटात घालून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेत, म्हणते तो आल्यावर त्याच्या हातात देईन, मला नकोत.

२७ मे रोजी दहावीचा निकाल लागला. आमचं कोकण बोर्ड राज्यात पहिलं, ९९.०१ टक्के, आणि आमच्या धाकटीला ८८ टक्के पडले, परीक्षेच्या मधोमध बारसं करून आलेल्या पोरीला. पेढे वाटले. आणि त्याच दिवशी टीव्हीवर गाझातलं रफाह होतं, आदल्या रात्री तंबूंवर हल्ला झाला होता, जळलेले तंबू, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली लहान मुलं. माझी नात तेव्हा तीन महिन्यांची, तिची आजी तिला मांडीवर घेऊन बसली होती, तिने हात पुढे करून बाळाच्या डोळ्यांवर धरला. तीन महिन्यांच्या बाळाला काय कळतंय, पण धरला. कोणाचं बरोबर कोणाचं चूक हे मोठ्या लोकांनी बोलावं, ७ ऑक्टोबरला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये ज्यांची माणसं गेली त्यांचंही मी वाचलंय, मला फक्त एवढंच दिसतं की त्या जमिनीवरचा जाळ सरकत सरकत समुद्रात आला आणि समुद्रात माझा मुलगा आहे.

आणि आता हे १२ जून, ज्याच्यामुळे मी पत्र लिहायला बसलो. त्या दिवशी कुवेतमध्ये बिल्डिंगला आग लागली, आपली पंचेचाळीस माणसं गेली, पेपर भरून बातम्या आल्या आणि यायलाच हव्यात, परदेशात राबायला गेलेली माणसं ती. पण त्याच दिवशी तांबड्या समुद्रात ट्यूटर नावाच्या जहाजाच्या मागच्या बाजूला स्फोटकं भरलेली, आत माणूस नसलेली होडी येऊन धडकली. इंजिन रूममध्ये पाणी शिरलं. बाकी सगळ्यांना उतरवलं, एकटा माणूस राहिला, फिलिपाईन्सचा, तो इंजिन रूममध्ये ड्युटीवर होता. तो सापडला नाही. जहाज आता बुडालं.

इंजिन रूम म्हणजे काय असतं ते मुलाने मला व्हिडिओत दाखवलंय. पाण्याच्या पातळीच्या खाली, आवाज इतका की कानाला मफ लावतात, हातवारे करून बोलतात, उकाडा पंचेचाळीसच्या वर. वर डेकवर काही दिसलं, लुकआउटवाला ओरडला, सायरन झाला, तर सगळे ठरलेल्या सुरक्षित खोलीत धावतात, त्याची ड्रिल होते. खालून वर यायला तीन-चार जिने. माझा मुलगा मला म्हणाला होता की ड्रिलमध्ये आम्ही खालचे नेहमी शेवटचे पोचतो. हे त्याने सहज सांगितलं होतं, जानेवारीत कधीतरी, तेव्हा मीही सहज ऐकलं.

ट्यूटरची बातमी मी चार मराठी पेपरांत शोधली. एकात परराष्ट्र पानावर सहा ओळी होत्या, हल्ल्यात जहाजाचे नुकसान, कोळसा घेऊन चाललं होतं, हुथींनी जबाबदारी घेतली. तो माणूस नव्हता. दुसऱ्यात अर्थ पानावर, कंटेनरचे भाडे वाढल्यामुळे निर्यातदार अडचणीत, नाशिकच्या द्राक्षाला या सीझनला केपवरून जावं लागल्यामुळे किती दिवस जास्त लागले. ते खरं आहे, बागायतदाराचं नुकसान झालंय, त्याची बातमी आलीच पाहिजे. पण द्राक्षाबरोबर माणसंही गेलीत ना त्या वाटेने.

तर माझी विनंती. जहाजाची बातमी येईल तेव्हा पहिल्या ओळीत जहाजाचं नाव द्या आणि दुसऱ्या ओळीत माणसं द्या, किती होती, कुठल्या देशांची, भारतीय किती, सुखरूप आहेत का, आणि ही माहिती किती वाजेपर्यंतची आहे. माहीत नसेल तर 'क्रूबद्दल अजून माहिती नाही' एवढं स्पष्ट छापा, तेही आम्हाला पुरतं, निदान शोधायचं थांबतं. झेंडा आणि माणसं यांची गल्लत करू नका, बऱ्याच जहाजांवर झेंडा पनामाचा नाहीतर लायबेरियाचा असतो आणि आत रत्नागिरी, रायगड, केरळ, बिहारची पोरं असतात. 'भारतीय जहाज' लिहिलं की आम्ही वेगळा अर्थ घेतो, 'भारतीय क्रू' लिहिलं की वेगळा. मथळ्यात तेलाचा भाव घ्यायचा तर घ्या, पण त्याच्या वर नको. आणि जमलं तर अशा बातमीखाली छोट्या चौकटीत घरच्यांनी कुठे फोन करायचा ते नंबर छापा, डीजी शिपिंगचा कंट्रोल रूम, खलाशांच्या युनियनचा नंबर, खात्री करून घेऊन, मराठीत. चार ओळींची जागा लागेल. ज्याच्याकडे इंग्रजी नाही, अ‍ॅप नाही, मोबाईल शिकवायला दहावीतली मुलगी नाही, अशी किती घरं आमच्या तालुक्यातच आहेत. मागच्या वाडीतल्या एका काकूंचा मुलगा बल्क कॅरिअरवर आहे, त्या पेपर घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, भाऊ, यात आमच्या बाळ्याची बोट आहे का बघा. मी बघतो आणि सांगतो. पण मी वाचून तरी किती सांगणार, तिथे लिहिलेलंच नसतं.

तुमचे प्रतिनिधी तालुक्याच्या गावी आहेत, त्यांनी कधीतरी बोटीवरच्या घरांत येऊन बसावं. आमच्याकडे आलात तर चहा आहे, आंब्याचा सीझन संपला पण साठं आहेत.

परवा मुलाचा फोन आला होता. नात पालथी पडायला लागलीय, त्याला दाखवली, दोनदा पडली आणि तिसऱ्यांदा रुसली. धाकटीने अकरावीचा फॉर्म कुठे भरला ते सांगितलं, सायन्स घेतेय. तो आता भूमध्य समुद्रात आहे, पुढचा माल पूर्वेकडचा. सुएझमधून खाली उतरणार की जिब्राल्टरवरून केपला वळसा घालणार ते अजून कंपनीने सांगितलेलं नाही. म्हणाला, दोन-चार दिवसांत कळेल, रिलिव्हर, म्हणजे त्याच्या बदलीचा माणूस, कुठे चढणार तेही त्यावरच ठरेल. सौ. शेजारी होती म्हणून मी जास्त विचारलं नाही. फोन ठेवल्यावर तिनेच मला विचारलं, केपवरून किती दिवस जास्त लागतात हो? म्हणजे तिला सगळं माहीत होतं, डिसेंबरपासून.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
जि. रत्नागिरी
(नाव-पत्ता आपल्याकडे वेगळा पाठवला आहे, कृपया छापू नये)